संतांची थकबाकी

इ. स. ४१८ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरीत दोनशेहून अधिक बिशप एकत्र जमले आणि त्यांनी जे ठराव मंजूर केले, त्यांपैकी दोन ठराव ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाचे अध्यापन हाच ज्याचा व्यवसाय आहे अशा माझ्यासारख्यासही प्रथमदर्शनी क्षुल्लक, किंबहुना थोडेसे हास्यास्पदच वाटतात. प्रभूने शिष्यांस शिकविलेल्या प्रार्थनेत देवाजवळ आपल्या ऋणांची माफी मागण्याचे जे मागणे आहे, ते साधुपुरुषाने कोणत्या भावनेने मागावे, एवढाच तो प्रश्न होता. काहींचे म्हणणे असे की, साधू स्वतः निष्पाप असल्यामुळे हे मागणे तो आपल्याकरिता मागतच नाही, भोवतालच्या पापी जनांकरिता मागतो. दुसरे काही म्हणत की, आपल्याकरिता मागतो हे खरे, परंतु केवळ विनयाने, एरवी त्याच्या नावावर देणे असे काही नसतेच. परिषदेने ही दोन्ही मते बहिष्कारास पात्र ठरविली. साधू माफी मागतो तेव्हा त्याच्या खाती बाकी खरोखरच निघत असते, आणि निघत नसताना ती निघते असे म्हणणे म्हणजे प्रत्यक्ष देवासमोर उभे राहून खोटे बोलणे होय, असा तो निवाडा होता.

या ठरावांमागील वादाचा नायक, अथवा विजयी पक्षाच्या दप्तरात ज्याची नोंद खलनायक म्हणून झाली तो पेलागियस, हा ब्रिटन बेटातून येऊन रोममध्ये स्थायिक झालेला एक विरक्त, विद्वान आणि निष्कलंक आचरणाचा मनुष्य होता; त्याच्याविरुद्ध ज्याने उर्वरित आयुष्य वेचले त्या हिप्पोच्या बिशप ऑगस्टीननेही आरंभी त्याचा उल्लेख आदरानेच केला आहे. (समकालीन पंडित जेरोम याने मात्र स्कॉट लोकांच्या लापशीने जड झालेला म्हणून ज्याची टर उडविली, तो बहुधा हाच, जेरोमच्या लेखणीपुढे मोठमोठ्यांची धडगत नसे.) पेलागियसच्या काळी ख्रिस्ती धर्मास राजाश्रय मिळून दोन-तीन पिढ्या लोटल्या होत्या, रोममधील उमराव बाप्तिस्मा घेत तो एखादी सनद पदरात पाडून घ्यावी तसा, आणि मग पूर्ववत गुलाम, मेजवान्या व सावकारी यांत रमून जात, आणि कोणी हटकलेच तर मनुष्यस्वभाव दुबळा आहे हे उत्तर तयार असे. या सबबीचा पेलागियसला मनस्वी तिटकारा होता. मनुष्यास देवाने विवेक दिला, इच्छास्वातंत्र्य दिले, आज्ञा दिल्या आणि ख्रिस्ताचा कित्ता दिला. आता पाळणे न पाळणे सर्वस्वी मनुष्याच्या हाती आहे, आणि जी पाळता येणार नाही अशी आज्ञा न्यायी देव देईलच कसा, हा त्याचा युक्तिवाद अत्यंत सरळ, आणि सज्जनांस पटकन पटणारा होता.

४१० साली अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटले तेव्हा जी घराणी समुद्र ओलांडून आफ्रिकेत आश्रयास गेली, त्यांत अनिकियस घराण्यातील देमेत्रियास नावाची एक तरुण मुलगी होती. तिने विवाहाचा बेत मोडून आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतले, त्यासरशी ख्रिस्ती जगातील नामवंतांकडून तिला अभिनंदनाची व उपदेशाची पत्रे येऊ लागली. पेलागियसनेही एक विस्तृत पत्र पाठविले. ते आजही वाचावयास मिळते, आणि निःपक्षपातीपणे सांगायचे तर ते उत्तम पत्र आहे. मुलीस तिच्या अंगच्या सामर्थ्याची जाणीव करून देणारे आणि आळसास कोठेही थारा न देणारे. परंतु त्यात तिला असेही सांगितले आहे की, कुल आणि संपत्ती ही तिला इतरांकडून लाभली, आत्मिक संपत्ती मात्र तिची तिनेच मिळविलेली आहे. ऑगस्टीनच्या दृष्टीने विषाचा थेंब होता तो येथेच. आणि त्याने व त्याचा मित्र अलिपियस याने पुढे त्या मुलीच्या आईस पत्र लिहून सावध केले. मला या प्रकरणात नेहमी खटकते ते वेगळेच: त्या मुलीच्या चुकण्याची शक्यता त्या पत्राने जवळजवळ हिशेबातच धरलेली नाही. जो मनुष्य तुम्हांस म्हणतो की तुम्ही परिपूर्ण होऊ शकता, तो प्रथम तुमचा गौरव करतो. पण तुम्ही घसरलात म्हणजे त्याच्यापाशी तुम्हांस सांगण्यासारखे फक्त एकच उरते, ते म्हणजे तुम्ही मनापासून प्रयत्न केला नाही.

हा वाद एका वाक्यावरून पेटला, असे स्वतः ऑगस्टीनने उतारवयात लिहून ठेवले आहे. रोममध्ये पेलागियसच्या समक्ष एका बिशपाने ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथातील एक उद्गार म्हणून दाखविला. देवा, जी आज्ञा करशील ती पाळण्याचे बळ आधी दे, मग हवी ती आज्ञा कर, असा त्याचा भावार्थ होता. पेलागियस एवढा संतापला की त्या बिशपाशी हमरीतुमरीवरच आला. तो उद्गार ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या पुस्तकात आहे, आणि वादाची सगळी किल्ली माझ्या मते त्याच पुस्तकात आहे.

ऑगस्टीनचा जन्म ३५४ सालचा, आजच्या अल्जीरियातील थागास्ते या गावचा. ऐन तारुण्यात सुमारे नऊ वर्षे मानी पंथात, मग रोम, मग मिलान येथे वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक. ३८६ मध्ये मिलानच्या बागेतील ते सुप्रसिद्ध मनःपरिवर्तन, आणि पुढील वर्षीच्या पुनरुत्थानाच्या सणी बिशप अँब्रोज याच्या हस्ते बाप्तिस्मा. एवढी कथा पहिल्या नऊ पुस्तकांत येते व आई मोनिका हिच्या मृत्यूपाशी थांबते. कथा म्हणून ती येथेच संपावयास हवी होती, आणि पुष्कळ वाचक ग्रंथ मिटतात तेही येथेच. परंतु चाळिशी ओलांडलेला, हिप्पो शहराच्या मंडळीचा बिशप झालेला, लोकांच्या दृष्टीने आता पैलतीरास पोहोचलेला हा मनुष्य दहाव्या पुस्तकात आपली सद्यःस्थिती सांगू बसतो, आणि ती सांगताना एखाद्या कारकुनाने थकबाकीची यादी उतरून काढावी तशा कोरडेपणाने एकेक कलम मांडत जातो. जागेपणी ज्या वासनांवर ताबा आहे त्यांची चित्रे झोपेत अजून येतात. अन्न औषधासारखे घ्यावे हे समजते, पण भूक भागण्याच्या वाटेवर जिभेचे सुख दबा धरून बसलेले असते, आणि शरीरास आवश्यक किती व जिभेस हवे किती याचा हिशेब लागत नाही. उपासनेत स्तोत्रे गाइली जातात तेव्हा शब्दांपेक्षा गळ्याचाच मोह अधिक पडतो. अलेक्झांड्रियाचा अथानेशियस स्तोत्रे गाण्याऐवजी जवळजवळ वाचल्यासारखी म्हणवून घेत असे, तेच बरे, असे एकदा वाटते, आणि मिलानमध्ये त्याच गाण्याने आपल्या डोळ्यांत पाणी आणले होते हे आठवून पुन्हा मन माघार घेते. सर्कशीत कुत्रा सशामागे धावतो तो पाहावयास आपण आता जात नाही. परंतु वाटेने जाताना शेतात तेच दृश्य दिसले की गंभीर चिंतन मोडून मन त्यामागे धावते, आणि घरी बसलो असता पाल माश्या पकडते किंवा कोळी त्यांना जाळ्यात गुरफटतो, तेही बघत राहावेसे वाटते. शेवटी स्तुतीचे कलम: लोकांनी वाखाणलेले आवडते, आणि ते आवडू नये असे वाटते त्यातही पुन्हा आपल्या निरिच्छतेबद्दलचा अभिमान लपलेला असतो.

बिशपाने लिहिलेल्या ग्रंथात पाल आणि माशी यांस जागा मिळावी, हे त्या काळी किती विलक्षण होते याची कल्पना आज येणे कठीण आहे. संतचरित्रांची रीत अशी की, परिवर्तनापूर्वी घोर पाप आणि परिवर्तनानंतर अखंड पुण्य. ऑगस्टीनने ती रीत मोडली. आणि ज्या उद्गाराने पेलागियस खवळला, तो या यादीच्या संदर्भात वाचला म्हणजे त्यात आळशाची पळवाट कोठेही दिसत नाही. पाल पाहिली याचाही जाब जो स्वतःस विचारतो, त्याने शिथिलतेस मुभा मागितली असे कोण म्हणेल? ‘कृपेनेच सर्व होत असेल तर आम्ही सदाचाराची दगदग कशाला करावी?’ हा प्रश्न वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतोच, व तो विचारणारा विद्यार्थी बहुधा वर्गातील हुशारांपैकी असतो. त्याला मी युक्तिवादाने उत्तर देण्याच्या भरीस पडत नाही. प्रेषित पौलालाही रोमकरांस लिहिताना याच प्रश्नास तोंड द्यावे लागले होते; आणि करिंथकरांस दुसऱ्यांदा लिहिताना त्याच पौलाने आपल्या देहातील काट्याविषयी सांगितले आहे, की तो निघावा म्हणून तीनदा विनविले, तो निघाला नाही, आणि मिळाले ते केवळ कृपा पुरेशी असल्याचे आश्वासन. काटा म्हणजे नेमके काय, यावर भाष्यकारांनी रीमच्या रीम खर्ची घातले आहेत. दुखणे असो, मोह असो वा शत्रू असो. तो शेवटपर्यंत राहिला एवढे पुरे.

परंतु ऑगस्टीनला मी डोळे मिटून शरण गेलेलो नाही. पेलागियसच्या आधी त्याने दोनातिस्त पंथाशी झुंज दिली, तेव्हाही प्रश्न मुळात माणसाच्या अपूर्णतेचाच होता, फक्त तो धर्माधिकाऱ्यांविषयी होता: ३०३ साली सुरू झालेल्या छळात ज्यांनी शास्त्रग्रंथ शिपायांच्या स्वाधीन केले, अशा कच्च्या मनाच्या पाळकांनी दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य की नाही? ऑगस्टीनचे उत्तर असे की, बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याचा नव्हे. यहूदाने दिला असता तरी तो ख्रिस्ताचाच. मंडळीतील साध्या माणसावर याचे अपार उपकार आहेत, कारण आपल्या पाळकाच्या खासगी चारित्र्याची चौकशी करीत बसण्याचा बोजा त्याच्या शिरावरून उतरला. मात्र ४११ साली कार्थेज येथे शाही अधिकारी मार्केलिनस याच्यापुढे दोन्ही पक्षांची कैफियत होऊन निकाल दोनातिस्तांच्या विरुद्ध लागला, आणि दंड, जप्ती व सक्तीची सरकारी फर्माने निघाली, तेव्हा आरंभी सक्तीच्या विरुद्ध असलेल्या ऑगस्टीनने तिचे समर्थन केले, आणि त्यासाठी मेजवानीच्या दृष्टांतातील, लोकांस आत येण्यास भाग पाडण्याचा यजमानाचा हुकूम आधारास घेतला. देहान्तशासन होऊ नये म्हणून त्याने रदबदली केली, हे त्याच्या बाजूने नमूद करावयास हवे. पण कृपेचा एवढा मोठा वकील शिपायांच्या काठीस कृपेचे साधन मानू लागला, ही गोष्ट कोणत्याही खुलाशाने पुसली जात नाही. तसेच बाप्तिस्म्याविना मेलेल्या तान्ह्या मुलांच्या गतीविषयी त्याने पेलागियसच्या पक्षावर मात करण्याच्या भरात जे कठोर मत मांडले, ते तर्कशुद्ध असेल, परंतु मला ते कधीच स्वीकारता आले नाही. विजयी पक्षाचाही हिशेब पुरता चुकता नव्हता, असे कार्थेजच्या ठरावांच्याच आधारे म्हणता येईल.

पेलागियसचे पुढे काय झाले याचा मागमूस लागत नाही. पौलाच्या पत्रांवरील त्याची टीका मात्र टिकली, आणि टिकली ती जेरोमच्या नावाखाली. ज्याने त्याची लापशी काढली त्याच्याच नावाने शतकानुशतके मठांतून लोक पेलागियस वाचत राहिले.

ऑगस्टीनच्या राहणीची आणि अखेरच्या दिवसांची हकीकत त्याचा स्नेही पोसिदियस याने लिहिली आहे. ऑगस्टीनच्या घरातील जेवणाच्या मेजावर, गैरहजर माणसाची निंदा करणाऱ्यास येथे जागा नाही, अशा अर्थाच्या ओळी कोरलेल्या होत्या, आणि एकदा काही बिशप मित्रच ते विसरून बोलू लागले तेव्हा त्याने त्यांना चांगलेच सुनावले. ४३० साली वांडालांचा हिप्पोला वेढा पडला असता तो तापाने अंथरुणास खिळला. पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून त्याने समोरच्या भिंतीवर लावली, आणि वैद्य व जेवण आणणारा यांखेरीज कोणी आत येऊ नये असे सांगून सुमारे दहा दिवस ती वाचीत तो रडत राहिला. वय पंचाहत्तर. ऋणांची माफी केवळ विनयाखातर मागितली जात नाही, हा ठराव त्याने स्वतःपुरता तरी अमलात आणला.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळीस हा विचार परका वाटला नाही, याचे श्रेय मी देहूच्या वाण्याला देतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आपण तुकोबांनी बांधलेल्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत; आणि ज्या भाषेत ‘पतितपावन’ हे देवाचे लाडके नाव आहे, त्या भाषेत वाढलेल्या माणसास कृपेचा सिद्धान्त शून्यापासून शिकवावा लागत नाही. मराठीत कृपेवरचा उत्तम ग्रंथ कोणता असे कोणी विचारले, तर मी धर्मशास्त्राचे एकही पुस्तक न सांगता लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सांगेन. त्यांत टिळकांचा तापटपणा आहे, घरात काय आहे नाही याचा विचार न करता उधळलेले दातृत्व आहे, सांगितल्यावाचून घर सोडून जाणे आहे. आणि तरीही ज्या बाईने हे सारे सोसले, तिच्या लेखणीत त्या माणसाविषयीचे प्रेम तसूभरही उणे झालेले नाही. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापणाऱ्या या कवीस आज पुष्कळजण संत म्हणतात. लक्ष्मीबाईंनी त्यांची बाकी लपविली नाही, यामुळे त्या संतपणास धक्का पोहोचला असे मला वाटत नाही.

आपल्याकडील व्यासपीठांवरून ऑगस्टीनची कथा सांगितली जाते ती अजूनही मिलानच्या बागेपाशी येऊन संपते, आणि ऐकणारा तरुण घरी जातो तो आपली बाग अजून का आली नाही, किंवा येऊन गेली असताना आपण अजून असे का, या काळजीत. माझ्या पाळकबंधूंना व सर्वसामान्य वाचकांनाही माझी विनंती आहे की, ‘कन्फेशन्स’ हाती घेतल्यास दहावे पुस्तक प्रथम वाचावे, आणि मग सवड असेल तर पहिल्याकडे वळावे.