पिवळाधमक!

इंजिनिअरिंगच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ‘तुला कशाची भीती वाटते?’ असं विचारलं तर तो एम-थ्री, व्हायवा किंवा सबमिशन यांपैकी काहीतरी सांगेल. मला विचाराल तर मी सांगेन, पिवळा रंग! हसू नका. विमानांची स्केल मॉडेल्स बनवणाऱ्या कुणालाही विचारून बघा. राखाडी, हिरवा, निळा हे सगळे आदल्या रात्री अभ्यास करून सुटणारे सब्जेक्ट. पिवळा मात्र रट्टा मारून सुटत नाही. त्याला कन्सेप्ट क्लिअर लागतो.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. मी पक्की कॉन्व्हेंटवाली. शाळेत मराठी होतं ते फक्त मराठीच्या तासाला. अजूनही कुणी ‘एकोणऐंशी’ म्हणालं की मी मनातल्या मनात बोटं मोजते. त्यामुळे मॅगझिनच्या मराठी विभागात माझं नाव बघून रूममेटने भुवया उंचावल्या, त्यात तिचं काही चुकलं नाही. पण या लेखातली दोन महत्त्वाची माणसं मराठीत बोलतात आणि त्यांचं बोलणं इंग्लिशमध्ये नेलं की त्याचा रंगच उडतो. म्हणून हा खटाटोप.

तर विषय विमानाचा. उडणाऱ्या नव्हे, शोकेसमध्ये उभं राहणाऱ्या. प्लॅस्टिकचे सुटे भाग येतात, ते घासायचे, जोडायचे, रंगवायचे. दिवाळीच्या सुट्टीत मी १/७२ स्केलचं हार्वर्ड बनवायला घेतलं. खऱ्या हार्वर्डच्या पंखांचा विस्तार १२.८ मीटर, माझ्या हार्वर्डचा १७.८ सेंटिमीटर. म्हणजे कंपासपेटीएवढा!

हार्वर्ड हे अमेरिकन बनावटीचं ट्रेनर विमान. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर कितीतरी देशांचे वैमानिक त्यावर शिकले. ९ सिलिंडरचं ६०० हॉर्सपॉवरचं रेडियल इंजिन आणि कानठळ्या बसवणारा आवाज, कारण प्रॉपेलरची टोकं ध्वनीच्या वेगाशी स्पर्धा करायची. आपल्या हवाई दलातही ते १९७० च्या दशकापर्यंत होतं. आणि माझे आजोबा १९६३ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, हार्वर्डवर एअरफ्रेम फिटर होते. माझं वय आज तेवढंच आहे.

ट्रेनर विमानं पिवळी का? सोप्पं आहे. तो आकाशातला एल बोर्ड! १९३९ नंतर कॅनडात कॉमनवेल्थ देशांचे हजारो वैमानिक तयार झाले, तिथली हार्वर्ड नखशिखांत पिवळी असायची. भर दिवसा आपला डोळा सगळ्यात संवेदनशील असतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला. त्यामुळे पिवळं विमान लांबून चटकन दिसतं. शिकाऊ पोरगं येतंय, बाजूला व्हा!

गंमत अशी की जो रंग स्वतः इतक्या लांबून दिसतो, त्याला आपल्या खालचं काहीच लपवता येत नाही. रंग झाकायचा म्हणजे पेंटमधल्या पिगमेंटच्या कणांनी प्रकाश एकतर शोषायला हवा, नाहीतर विखरायला हवा. काळा सगळंच शोषतो. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं. त्याचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स २.७ च्या घरात आणि बाइंडरचा १.५ च्या आसपास. एवढा फरक असला की प्रकाश मस्त विखुरतो. पिवळा बिचारा फक्त निळा प्रकाश शोषतो, लाल आणि हिरव्याला वाट मोकळी. शिवाय आजचे बरेचसे ऑरगॅनिक पिवळे विखरण्यातही कच्चे. मग प्रकाश थरातून आरपार जातो, खालच्या करड्या प्लॅस्टिकला भेटतो आणि परत येऊन आपल्या डोळ्यांपाशी त्याची चुगली करतो. खाली काळं असेल तर पिवळ्याचं सरळ शेवाळं होतं.

पूर्वी याला एक तोड होती. १७९७ मध्ये वोक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला क्रोमियम सापडलं आणि त्यातून पुढे लेड क्रोमेट, म्हणजे क्रोम यलो हा चांगला झाकणारा पिवळा मिळाला. पण त्यात शिसंही विषारी आणि क्रोमियमही. भारतात घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. झालं ते उत्तमच झालं. पिवळा झाकत नाही म्हणून कुणी शिसं थोडंच हुंगायचं?

मग करायचं काय? हॉस्टेलच्या मुलींना हे उत्तर आधीपासून माहीत आहे. पिवळं नेलपेंट लावायचं तर खाली पांढरा कोट हवा. बस्स, हेच! बाकी सगळा तपशील आहे. पण घोडं तपशिलातच अडतं, म्हणून कृती देते.

मॉडेल आधी भांडी घासायच्या साबणाने धुवायचं, म्हणजे बोटांचं तेल निघतं. मग करडा प्रायमर मारून ओरखडे शोधायचे, कारण पांढऱ्यावर ते दिसत नाहीत. ते १५०० नंबरच्या वॉटर पेपरने ओले घासून टाकायचे आणि वर पांढऱ्याचे पातळ कोट. त्यावर, आश्चर्य वाटेल, अगदी फिकट गुलाबी! पांढऱ्यात लालचा एखादा थेंब. नुसत्या पांढऱ्यावर पिवळा लिंबासारखा थंड दिसतो, गुलाबीवर तो उबदार होतो.

आता पिवळा. दुधाइतका पातळ करायचा, एअरब्रशचं प्रेशर १५ ते २० पीएसआय, अंतर आठ-दहा सेंटिमीटर. पहिला हात आधी सगळ्या कडांवर. सरफेस टेन्शनमुळे ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो आणि पंखांच्या मागच्या कडा फिक्या राहतात, म्हणून त्यांना जास्तीचा कोट. मग सपाट भाग. पहिल्या कोटनंतर विमानाला कावीळ झाल्यासारखं दिसतं. दुसऱ्यानंतर कावीळ वाढते. इथेच माणसाला जाड थर द्यायचा मोह होतो आणि रंग कोपऱ्यांत साचतो. शांत राहायचं. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीतला बिअर-लॅम्बर्ट लॉ आठवा. प्रत्येक कोट उरलेल्या चुगलीचा ठरावीक हिस्सा कापतो आणि प्रकाश थरातून जाताना एकदा, येताना एकदा, असा दोनदा कापला जातो. पाच-सहा कोटांत चुगली ऐकू येईनाशी होते.

पावसाळ्यात लॅकर मारायचं टाळा. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंगावर पांढुरकी साय येते. तोंडाला मास्क आणि खिडकी उघडी, हे तर बाराही महिने.

इथपर्यंत सगळं इंजिनिअरिंग होतं. खरा प्रश्न त्याच्या आधीचा होता. पिवळा, पण कुठला पिवळा?

हम्ब्रोलच्या २४ नंबरच्या डबीचं नावच ‘ट्रेनर यलो’ आहे. तामियाचा एक्सएफ-३ म्हणजे फ्लॅट यलो, एक्स-८ म्हणजे लेमन यलो. पण आजोबांच्या हार्वर्डचा कुठला? घरात त्याचा एकच फोटो. पंखावर हात ठेवून उभे असलेले आजोबा, फोटो ब्लॅक अँड व्हाइट. आणि अशा फोटोवर तर मुळीच विश्वास ठेवू नये, कारण जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर पिवळा चक्क काळपट उतरतो. म्हणजे पुरावा एकच, आजोबांची आठवण.

मी सहा प्लॅस्टिकचे चमचे सहा पिवळ्यांत रंगवले आणि साताऱ्याला गेले. आजोबा झोपले होते, म्हणून चमचे आधी आजीच्या हाती लागले. मी प्रत्येकाला नंबर दिला होता. आजीने एका मिनिटात नावं दिली. “हा लिंबू. हा हळदीचा. हा शेवंतीचा. हा आमरसाचा, पायरीच्या हो, हापूसचा नव्हे. हा पिवळाधमक. आणि हा... हा पिवळा नाहीच, हा पिवळट.” माझ्याकडे एकच शब्द होता, यलो, आणि त्याच्या शेपटीला नंबर. एका ‘ट’ने रंगाचा असा अपमान करता येतो हे मला वयाच्या विसाव्या वर्षी कळलं.

आजोबा उठले. त्यांनी चमचे खिडकीपाशी नेले. ट्यूबलाइटखाली रंग बघायचा नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. बराच वेळ बघून त्यांनी डावा डोळा हाताने झाकला. मग उजवा झाकला. मग परत डावा. “गंमत बघ,” ते म्हणाले. “या डोळ्याला हा चमचा वेगळा दिसतो आणि त्या डोळ्याला वेगळा.”

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते, डाव्याचं बाकी होतं. वयाबरोबर डोळ्यातली लेन्सच पिवळी पडत जाते आणि निळा प्रकाश अडवते. म्हणजे पिवळ्या पेंटचंच काम ती डोळ्याच्या आत करते! हे इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. ऑपरेशननंतर ती लेन्स जाते, स्वच्छ लेन्स येते आणि मग पांढरा शर्ट निळसर वाटायला लागतो. आजोबांच्या उजव्या डोळ्याला चमचा ‘लिंबू’ होता, डाव्याला ‘हळदीचा’.

मी मोठ्या उत्साहाने समजावलं, की आजोबा, तुम्ही वीस वर्षांचे होतात तेव्हा तुमची लेन्स स्वच्छ होती, म्हणजे तेव्हाचा पिवळा ओळखायला उजवा डोळाच खरा. आजोबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ते ठीक आहे गं. पण आठवण कुठल्या डोळ्यात आहे?”

याला माझ्या कुठल्याच सेमिस्टरमध्ये उत्तर नव्हतं. डाव्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं. त्यानंतर तो जुना पिवळा बघायला जगात कुणीच उरणार नव्हतं, आणि त्याच्या आधीचा तर फोटोतही नव्हता. मी जरा रडवेलीच झाले असणार, कारण आजोबा एकदम फिटरच्या आवाजात बोलायला लागले.

“मुळात तू प्रश्नच अर्धा विचारतेस. कुठलं विमान? नुकतं रंगवून आलेलं, की दोन उन्हाळे टारमॅकवर उभं राहिलेलं? आणि विमानाचा कुठला भाग? बॉडी पत्र्याची. पण रडर, एलिव्हेटर, एलरॉन हे कापडाचे. कापडावर डोप असतं. पत्रा आणि कापड एकसारखं उडत नाही. रडर फाटलं की दुसऱ्या विमानाचं काढून लावायचं. तुझ्या त्या डबीतल्या एका पिवळ्याचं हार्वर्ड मी तरी नाही पाहिलं.”

मग आम्ही दोघांनी मिळून चमचे वाटून टाकले. बॉडीला ‘हळदीचा’. एक फुटावरून १/७२ चं मॉडेल बघणं म्हणजे खरं विमान ७२ फुटांवरून बघणं, आणि लांबचा रंग फिकट दिसतो, म्हणून त्यात पांढऱ्याचा एक थेंब. रडरला मास्किंग करून ‘शेवंतीचा’. एका एलरॉनला ‘पिवळट’. आजी म्हणाली, “लावा, विमानाला कोण नावं ठेवतंय.”

कॉकपिटपुढचा काळा पट्टा सगळ्यात शेवटी, कारण काळ्यावर पिवळा चढत नाही, पिवळ्यावर काळा सहज चढतो. पॅनल लाइन्सना काळी शाई नाही, तपकिरी, नाहीतर पुन्हा शेवाळं. डिकल लावण्याआधी ग्लॉस कोट, म्हणजे खाली हवा अडकून चंदेरी दिसत नाही. केशरी, पांढरं, हिरवं गोल चिन्ह लावताना मात्र पिवळा पुन्हा नडतो, कारण पातळ डिकलमधला पांढरा त्याच्यावर पिवळट पडतो. म्हणून तेवढ्या जागेवर आधी पांढरी गोल टिकली रंगवायची. पाहिलंत? शेवटपर्यंत पांढऱ्याशिवाय याचं पान हलत नाही.

तयार हार्वर्ड मी मिठाईच्या खोक्यात कापूस घालून साताऱ्याला नेलं. आजोबांनी ते हातात घेतलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर उलटं केलं. चाकांच्या खोबणी बघितल्या. मग कडेने बघितलं, रडरपाशी जरा थांबले. मी श्वास धरून उभी.

“काजळी कुठाय?” ते म्हणाले.

हार्वर्डचा एक्झॉस्ट उजव्या बाजूला असतो. धुराचा डाग तिथून मागे पंखाच्या मुळावरून जातो. मी इतके दिवस जो पिवळा जपला, त्याच्यावर काळा फासायची कल्पना मला सहन होईना. आजोबांनी कागदावर शिसपेन्सिल घासली, तर्जनी त्यात बुडवली आणि नाकापासून मागे एकच बोट फिरवलं. मोजमाप नाही, फोटो नाही. बोटाला रस्ता पाठ होता.

“पुसायला एक पोरगा लागायचा रोज,” ते म्हणाले, “तो मी.”