तणस, काडी आणि दम्याचा पंप

धानाच्या हंगामानंतर मौदा-रामटेककडून दम्याचे रुग्ण आले, की मी आधी विचारतो, कापणी कशाने केली? हाताने कापलेल्या धानाचं तणस गुरांसाठी रचलं जातं. हार्वेस्टरमागे मात्र ते शेतभर पसरतं, आणि मग काडी लागते. त्या धुरातले २.५ मायक्रॉनहून बारीक कण थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. तोंडाला बांधलेला दुपट्टा त्यांना अडवत नाही. बेलरने गठ्ठे बांधून गोठेवाल्याला द्या, नाहीतर ओल असतानाच रोटाव्हेटरने मातीत मिसळा. खर्च होतो, मान्य. पण वाफेच्या मशीनसाठी रात्री नागपूर गाठणंही फुकट नसतं. शेजारी जाळतच असेल, तर खिडक्या लावा आणि बरं वाटतं म्हणून रोजचा पंप बंद करू नका.