खतावणीत न उतरलेला व्यवसाय

व्यापारी घरात हिशेबाला मोठा मान असतो. पेढीवरचा रोजमेळ जुळल्याखेरीज दिवस संपत नाही. लहानशी उधारीदेखील खतावणीत आपल्या जागी उतरते. मात्र त्याच घरातील गृहिणी पापड, लोणची वा खाकरे करून विकत असेल, तर तिच्या त्या उद्योगाला धंदा असे क्वचितच म्हटले जाते. ‘तिला आवड आहे, वेळ बरा जातो’ एवढ्यावर विषय मिटतो. 2012 साली प्रदर्शित झालेला ‘इंग्लिश विंग्लिश’ हा गौरी शिंदे यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला हिंदी चित्रपट नावावरून भाषा शिकण्याची गोष्ट वाटतो. प्रत्यक्षात तो नोंद न झालेल्या याच खात्याचा हिशेब मांडतो.

गौरी शिंदे मूळच्या पुण्याच्या. त्यांच्या आई घरातून लोणच्यांचा व्यवसाय करीत; मराठी त्यांची उत्तम, इंग्रजी मात्र जेमतेम. लहानपणी आईच्या या इंग्रजीची आपल्याला लाज वाटे, असे शिंदे यांनी जाहीरपणे सांगितले आहे. जाहिरातपटांच्या क्षेत्रात नाव मिळवल्यानंतर पहिला चित्रपट करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी विषय निवडला तो हाच. मुलीने आईची मागितलेली क्षमा असे त्या चित्रपटाचे स्वरूप आहे.

श्रीदेवी यांनी साकारलेली शशी गोडबोले लाडू करते, विकते आणि स्वतः घरोघरी पोहोचवते. गिऱ्हाईक तिचे कौतुक करते. घरात मात्र ‘जॅझ’ या शब्दाचा तिचा उच्चार चेष्टेचा विषय होतो. पालकसभेला आई शाळेत येणार म्हणून मुलगी संकोचते. पती सतीश दुष्ट नाही, मुलेही वाईट नाहीत. त्यामुळेच तो अपमान अधिक बोचतो. कारण तो करणाऱ्यांना आपण काही करीत आहोत याची जाणीवच नसते.

भाचीच्या लग्नासाठी शशी एकटी न्यूयॉर्कला जाते आणि कोणाला न सांगता चार आठवड्यांच्या इंग्रजी वर्गात नाव घालते. त्याचे शुल्क ती लाडू विकून साठवलेल्या पैशांतून भरते, हा तपशील व्यापारी वाचकाने विसरू नये. स्वतःच्या मिळकतीचे भांडवल ती स्वतःवर गुंतवते. वर्गात ती लाडूंविषयी सांगते, तेव्हा शिक्षक तिला ‘आंत्रप्रेन्युअर’, अर्थात उद्योजिका म्हणतात. तो अवघड शब्द पुटपुटत ती रस्त्याने चालू लागते, तेव्हा तिची चालच पालटते. जे काम ती पूर्वीपासून करीत होती, त्याला नाव मात्र परक्या देशात, परक्या माणसाकडून मिळाले. घरच्या माणसांना ते सुचले नव्हते, एवढेच त्यातले दुःख.

लग्नाच्या दिवशीच वर्गाची परीक्षा असते. ऐन वेळी लहानग्या मुलाच्या खोडीने केलेले लाडू वाया जातात. लाडू पुन्हा करायचे, तर परीक्षा हुकणार. शशी लाडू करते. ही माघार वाटू शकते. पण दिलेल्या शब्दाचा माल दर्जा न घटवता वेळेवर पोहोचवणे, हे व्यापाऱ्याचे व्रत तिने पाळलेले असते. लग्नाच्या मेजवानीत पती तिच्या वतीने सारवासारव करू लागतो, तोच ती उभी राहते आणि मोडक्या पण निश्चयी इंग्रजीत नवदांपत्याला सांगते, की लग्न ही दोन बरोबरीच्या माणसांची मैत्री असते आणि कुटुंब कोणाला लहान वाटू देत नाही. सतीश आणि मुलगी खाली मान घालून ऐकतात. वर्गातील फ्रेंच मित्राने तिच्यावर प्रेम व्यक्त केलेले असते. परंतु तिला हवा असतो तो आपल्या घरातला आदर, आणि ती आपल्याच घरी परतते. परतीच्या विमानात ती अस्खलित इंग्रजीत हिंदी वर्तमानपत्र मागते. इंग्रजी आले, म्हणून आपली भाषा कमी प्रतीची ठरली नाही.

2016 सालच्या ‘डिअर जिंदगी’मध्ये शिंदे यांनी हाच हिशेब मुलीच्या बाजूने तपासला. आईवडिलांनी काही वर्षे आजोळी ठेवलेली कायरा मोठेपणी छायाचित्रणात निपुण होते, तरी कोणी आपल्याला सोडून जाईल या भीतीने नाती आधीच तोडते. आईवडिलांची कारणे खरी असतात. पण ती त्या लहान मुलीला कोणी समजावून सांगितलेली नसतात.

कर्त्या स्त्रीच्या उद्योगाला घरात उद्योग म्हणणे, तिच्या मिळकतीचे स्वतंत्र पान ठेवणे आणि तिच्या चुकलेल्या शब्दावर मुलांसमोर न हसणे, यांपैकी कशालाच भांडवल लागत नाही. मुले मात्र आईचे मोल वडिलांच्या नजरेतूनच वाचायला शिकतात.