बाह्या लांब, विजार आखूड

अंगरखा पांढराशुभ्र, पण मापाचा नाही. बाह्या इतक्या लांब की दंडावर चुण्याच चुण्या पडल्यात; विजार मात्र घोट्याच्या वर. बुटांना गुलाबी फिती. हात दोन्ही बाजूंना नुसते सोडलेले. आंत्वान वातोचा हा ‘पिएरो’ पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, १७१८-१९च्या सुमाराचा. रोकोको चित्रशैली म्हटलं की आपल्याला गुबगुबीत मदन, झोपाळे, रेशमाची सळसळ आठवते. त्याच दिवसांत वातोने हा विदूषक जवळजवळ पुरुषभर उंचीचा रंगवला. असा मान एरवी राजेरजवाड्यांच्या चित्रांना.

आणि विदूषकाची पत काय होती? पिएरोसारखी सोंगं रंगवणाऱ्या इटालियन नटांना चौदाव्या लुईने १६९७ मध्ये पॅरिसमधून हाकललं. राजा वारल्यावर, १७१६ मध्ये, नवी मंडळी आली. मधल्या काळात ही सोंगं तगली ती जत्रेतल्या मांडवांत. तिथेही राजाश्रय असलेल्या नाटक मंडळीने संवादांवर बंदी आणवली, तर या बहाद्दरांनी ओळी फलकांवर लिहून वर धरल्या आणि गाणी प्रेक्षकांकडूनच म्हणवून घेतली! चर्चने तर नटांना वाळीतच टाकलेलं. १७३० मध्ये आद्रियेन लकुव्ररसारखी नामांकित नटी वारली, तिलाही धर्मविधीने मूठमाती मिळाली नाही.

या पिएरोला ‘दुःखी विदूषक’ म्हणायची चाल पडली आहे. मला ती पटत नाही. वातो छत्तिसाव्या वर्षी क्षयाने गेला, म्हणून लोक त्याच्या चित्रांतही खोकला ऐकतात. हा चेहरा रडवेला नाही. कुणी काही करायला सांगितलेलं नसताना माणूस जसा उभा राहतो, तसा हा उभा आहे. निकोला लांक्रेने १७३०च्या आसपास कामार्गो ही नर्तिका रंगवली, ती ऐन नाचात. चित्र देखणं आहे, पण ती कामावर आहे. पिएरोच्या अंगावर फक्त कामाचे कपडे.

बाकीची पात्रं मागे, खालच्या अंगाला, आपल्यातच दंग. डावीकडे काळ्या कपड्यांतला डॉक्टर गाढवावर बसलाय. गाढवाचा एकच डोळा दिसतो, काळाभोर, ओलसर, थेट आपल्यावर रोखलेला. एवढी नटमंडळी समोर असताना वातोने सगळ्यांत बोलका डोळा गाढवाला द्यावा, याची मला भारी गंमत वाटते.