पंखांचं गोत्र

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीहून करंजीकडे निघालं की मारेगावच्या आसपास दोन्ही हातांना काळी जमीन लागते. पऱ्हाटी कमरेला आलेली, तिच्या ओळींमधून तूर डोकावणारी आणि धुऱ्यावरच्या तारेवर एकटीच बसलेली कापशी. कावळ्याहून लहानच, अंग राखी-पांढरं, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. तार सोडून ती वर चढते आणि वावरावर अधांतरी थांबते. पंख फडफडत राहतात, शेपूट वारा तोलत खालीवर होते, डोकं मात्र तसूभर ढळत नाही. नजर खाली उंदराच्या बिळावर खिळलेली असते. मग पंख वर उचलून ती टप्प्याटप्प्याने उतरते आणि पाय पुढे करून गवतात शिरते. हे पाहताना हात आपसूक जोडले जातात. उडण्याची विद्या या मातीवर आपल्या कितीतरी आधीपासून नांदते आहे.

माणसाला विमान साधलं 1903 साली. पुढे वैमानिकाच्या छातीवर कोणतं चिन्ह लावावं, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा यंत्र बाजूला राहिलं आणि माणूस पाखराकडे वळला. 1913 मध्ये ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरने वैमानिकांसाठी पंखांचा बिल्ला ठरवला. ते पंख पाकोळीचे मानले जातात. निवड करणाऱ्यांची नजर खरी होती. पाकोळी जगते ती हवेतच. तिचे पाय इतके तोकडे की फांदीवर बसणं तिच्या नशिबी नाही. ती भिंतीला नखांनी लटकते. आपल्याकडे देवळांच्या कमानींत आणि पुलांच्या पोटाशी ती पिसं नि काड्या लाळेने चिकटवून घरटं करते. भक्ष्य टिपणं, पाणी पिणं, सारं उडता उडता. तिची युरोपातली बहीण तर विणीचा काळ सोडला तर सलग दहा महिने हवेत राहू शकते. वैमानिकाच्या छातीवर हे पंख चढतात, तेव्हा एका मूठभर जिवाची अख्खी साधना त्याच्या काळजाशी येऊन बसते.

हे पंख लावण्याचा मान मिळालेल्या पहिल्या मोजक्या भारतीयांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर होते. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्सच्या आकाशात लढले आणि 1918 च्या जूनमध्ये तिथेच धारातीर्थी पडले. मुंबईचा मुलगा परक्या आभाळात पंख पसरून गेला, ही आठवण आपण जपायला हवी.

भारतीय वायुसेनेची स्थापना 8 ऑक्टोबर 1932 ची. पहिलं स्क्वाड्रन 1 एप्रिल 1933 ला कराचीच्या ड्रिग रोडवर उभं राहिलं. त्याच्या वापिती विमानांवर ब्रिटिशांचं निळं-पांढरं-लाल वर्तुळ होतं. दुसऱ्या महायुद्धात जपानी विमानं लाल सूर्यबिंब घेऊन आली. निमिषभराच्या नजरेत मित्राला शत्रू समजण्याची भीती होती. म्हणून 1942 च्या सुमारास भारत-ब्रह्मदेशाकडच्या विमानांवरून मधला लाल ठिपका काढून टाकला गेला.

खुणेवरून मित्र-शत्रू ओळखण्याचा हा नियम रानात फार जुना आहे. शिक्र्याच्या छातीवरचे पट्टे सातभाईंना झुडपातूनही कळतात आणि ते कलकलाट करून सारं रान जागं करतात. कोतवालाची दुभंगलेली शेपूट दिसली की घारही वाट बदलते. चिन्ह ओळखण्यावर जीव तगतो, हे पाखरांनी शिकून घेतलं तेव्हा सैन्य नावाची गोष्ट जन्मलीही नव्हती.

1950 साली भारत प्रजासत्ताक झाला आणि विमानांवर केशरी, पांढरा, हिरवा असं आपलं वर्तुळ आलं. वायुसेनेच्या मानचिन्हात पंख पसरलेला हिमालयीन गरुड आहे, आणि खालचं बोधवाक्य गीतेच्या अकराव्या अध्यायातून, विश्वरूपदर्शनातून घेतलेलं आहे. 8 ऑक्टोबर 2023 ला प्रयागराजमध्ये वायुसेनेचा नवा ध्वज फडकला, त्यावरही हा गरुड विराजमान झाला.

स्क्वाड्रनांची नावं वाचत गेलं की अरण्याची हजेरी घेतल्यासारखं वाटतं. टायगर्स, ब्लॅक पँथर्स, टस्कर्स, फाल्कन्स, हॉर्नबिल्स. ‘सारंग’ या पथकाच्या हेलिकॉप्टरांवर तर मोरच रंगवलेला आहे. यातले कितीतरी आपले शेजारी. धनेश, म्हणजेच हॉर्नबिल, इथल्या वडा-पिंपळांची फळं खायला येतो. विणीच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोच निघेल एवढी फट ठेवते, आणि नर आठवडेच्या आठवडे तिला त्या फटीतून घास भरवत राहतो. निष्ठेची याहून मोठी शपथ कोणत्या सैनिकाने घ्यावी?

आणि वाघ. वायुसेनेच्या पहिल्या स्क्वाड्रनने त्याचं नाव घेतलं. मारेगावच्या शेजारी पांढरकवड्याकडे टिपेश्वर अभयारण्य आहे, सुमारे 148 चौरस किलोमीटरचं सागवानी रान. तिथे जन्मलेला एक तरुण वाघ 2019 मध्ये नवं घर शोधत निघाला. पिकांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत त्याने सुमारे 3000 किलोमीटरची वाट तुडवली आणि बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. यवतमाळच्या मातीतलं हे धैर्य कोणत्याही सन्मानपदकाच्या तोडीचं आहे.

सैन्याने या जिवांची नावं घेतली ती त्यांचे गुण अंगी यावेत म्हणून. नाव घेतलं की नातं जडतं, आणि नात्याबरोबर ऋण येतं. इथले कोलाम आदिवासी बांधव पोडाजवळची, म्हणजे वस्तीजवळची, देवाची झाडं तोडत नाहीत, त्यामागेही हेच नातं आहे. बिल्ला कापडाचा किंवा धातूचा. झिजला तर दुसरा घडवता येतो. धनेशाची ढोली मात्र झाडाला म्हातारपण आल्याशिवाय होत नाही. म्हणून 8 ऑक्टोबरला आकाशातल्या सलामीसाठी मान वर कराल, तेव्हा आपल्या वावरातलं, गावठाणातलं एक जुनं, ढोलीचं झाड राखायचा संकल्पही करा. वायुसेनेच्या चिन्हांना मारेगावकरांनी द्यावा असा मान तोच आहे.