बिनआवाजाचा फटाका

भाऊबीज उलटली की माझ्या ओपीडीत खोकणारी मुलं येऊ लागतात. मी काही विचारायच्या आत आईवडील सांगून टाकतात, "डॉक्टर, आम्ही बॉम्ब आणतच नाही. नागगोळ्या, फुलबाज्या, असलं बिनआवाजाचंच घेतो." त्यांचं फारसं चुकत नाही. फटाक्यांच्या आवाजावर १९९९पासून डेसिबलची मर्यादा आहे. त्रास म्हणजे आवाज, असंच आपण शिकत आलो.

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं मुलांच्या आवडीच्या फटाक्यांचा धूर काही वर्षांपूर्वी मोजला. पीएम २.५ची कमाल पातळी दर घनमीटर हवेत अनाराला ४,८६० मायक्रोग्रॅम भरली, फुलबाजीला १०,३९०, हजाराच्या माळेला ३८,५४० आणि नागगोळीला ६४,५००. मुकी, निरुपद्रवी, पाचसहा वर्षांच्या पोराच्या हाती खुशाल दिली जाणारी नागगोळी पहिली आली! त्यात बॉम्बपासून आपण लांब पळतो. नाग कसा वळवळतो ते बघायला मूल मात्र उकिडवं बसून थेट त्याच्यावर वाकतं. मुलांचा श्वासही मोठ्यांपेक्षा जलद असतो.

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. आपला केस याच्या वीसपंचवीस पट जाड असतो. जाडी धूळ नाकात, घशात अडकते, शिंकेतून, खाकऱ्यातून बाहेर पडते. हे कण थेट वायुकोशांत उतरतात आणि त्यातले अतिसूक्ष्म रक्तात शिरतात. रक्तवाहिन्यांना सूज येते, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते. म्हणून प्रदूषणाचे कितीतरी रुग्ण माझ्याकडे न येता हार्ट अटॅक किंवा पक्षाघात घेऊन दुसऱ्याच वॉर्डात पोचतात, आणि तिथे हवेचं नाव कुणी काढत नाही.

आपण मराठी माणसांनी वेळही नेमकी निवडली आहे. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून उजाडायच्या आत फटाके. या दिवसांत निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड होते आणि वर तुलनेनं उबदार हवेचा थर राहतो. भांड्यावर झाकण ठेवावं तसा हा थर धूर खाली दाबून धरतो. तोच धूर दुपारी बराचसा वर विरून गेला असता. पहाटे फिरायला जाणाऱ्या मंडळींना मी थंडीत 'जरा ऊन वर येऊ द्या' म्हणतो, ते याचसाठी. ऐकतं कोण!

त्याच पहाटे बाथरूममध्ये आणखी एक धोका असतो. खिडकी बंद, गॅस गिझर आतच, आणि घरातले सगळे एकामागून एक अंघोळीला. जळायला हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोकं दुखतं, गरगरतं, आणि मदतीला हाक मारायच्या आत शुद्ध हरपते. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेरच हवा. यात मला तडजोड मान्य नाही.

सल्फर डायऑक्साइड त्या मानानं प्रामाणिक, घशात झोंबून कळवतो तरी. शिवाय १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ इंधन आलं आणि पेट्रोल-डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून १०वर उतरली. कोळशावरच्या वीजकेंद्रांचा प्रश्न मात्र उरतोच. तिथला वायू हवेत सल्फेटचे बारीक कण होऊन शेकडो किलोमीटर जातो.

ओझोन थेट कुठल्याच धुराड्यातून निघत नाही. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि इंधनाची, रंगाची वाफ यांच्यावर कडक ऊन पडलं की तो बनतो. म्हणजे आकाश स्वच्छ निळं दिसतं तेव्हाही दमेकऱ्याची छाती आवळू शकते. वाऱ्याबरोबर तो शहराबाहेर शिवारातही पोचतो, पानांच्या रंध्रांतून आत शिरतो आणि गहू, सोयाबीनसारख्या पिकांचा उतारा घटवतो. शेतकरी बियाण्याला, पावसाला बोल लावतो. शहरातल्या गाड्यांचा संशय त्याला यावा तरी कसा?

हल्ली रुग्ण मोबाइल पुढे करतात, "आज हवा 'समाधानकारक' दाखवतेय." हा शब्द आपल्या निर्देशांकात पीएम २.५ साठ मायक्रोग्रॅमपर्यंत असला तरी चालतो. चोवीस तासांसाठी आपलं मानकही ६०च आहे, २००९पासून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१मध्ये सुचवलेली पातळी १५ आहे. तेव्हा दमेकऱ्यांनो, मोबाइलवरचा हिरवा रंग पाहून दिवाळीच्या आठवड्यात रोजचा इनहेलर बंद करू नका.