तिजोरीची किल्ली

मालवणच्या बाजारपेठेतील आमच्या दुकानाच्या तिजोरीची किल्ली माझ्या हाती आली, तेव्हा मी ४३ वर्षांचा होतो. अण्णांचे देहावसान झाले आणि त्याच आठवड्यात आईने ती माझ्या ओंजळीत ठेवली. तोवर मी २० वर्षे गल्ल्यावर बसत होतो; पण कोल्हापूरच्या पेठेतील खरेदी, उधारीची मर्यादा आणि बँकेतील सही ही तिन्ही कामे अण्णांचीच होती. पुढे माझे चिरंजीव दुकानात बसू लागले, तेव्हा मीही ती किल्ली माझ्यापाशीच ठेवली. पेढीची रीतच तशी, असे मी स्वतःला सांगत असे.

धाकटी कन्या मुंबईच्या आयआयटीत तिसऱ्या वर्षाला होती. २०१७ च्या हिवाळ्यात तिचे दूरध्वनी कमी झाले. विचारले, तर म्हणे, “टेकफेस्टचे काम आहे, बाबा.” अभ्यासासाठी पाठविलेली मुलगी उत्सवात रमली, हे माझ्या मनाला रुचले नाही. चार शब्द सुनवावेत या हेतूनेच मी डिसेंबरअखेर कुडाळहून कोकणकन्येत बसलो आणि पहाटे ठाण्यास उतरलो.

टेकफेस्ट हा तेथील विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये सुरू केलेला विज्ञान-तंत्रज्ञानाचा महोत्सव. आपली कोकण रेल्वे पूर्णत्वास गेली, तेही हेच वर्ष. नृत्य, नाट्य, संगीत यांसाठी ‘मूड इंडिगो’ हा त्याहून जुना उत्सव तेथेच डिसेंबरात भरतो. दोन्ही उत्सवांची सूत्रे विद्यार्थ्यांच्याच हाती असतात. प्रायोजक शोधणे, पाहुण्यांना बोलावणे, स्पर्धा आखणे, परगावच्या मुलांची निवासव्यवस्था पाहणे, पैशाचा हिशेब ठेवणे, हे सारे विशीच्या आतबाहेरची मुले-मुली करतात.

पवई तलावाकाठच्या त्या विस्तीर्ण आवारात शिरताच मला आंगणेवाडीची जत्रा आठवली. तेथे जसा प्रत्येक आंगणे यजमान, तसा येथे प्रत्येक स्वयंसेवक. कुठे मुलांनी बांधलेली यंत्रे एकमेकांशी झुंजत होती, कुठे व्याख्यानासाठी रांग लागली होती. ३० डिसेंबरला ‘सोफिया’ हा मानवाकृती यंत्रमानव तेथे आला. दोनच महिन्यांपूर्वी सौदी अरेबियाने त्याला नागरिकत्व दिले होते. त्या दिवशी सोफियाला साडी नेसविली होती आणि तिला पाहण्यास एवढी गर्दी लोटली की मी दुरूनच परतलो व कन्येच्या मेजापाशी जाऊन बसलो. परगावच्या विद्यार्थ्यांच्या निवासाचे काम तिच्याकडे होते.

दिवेलागणीच्या सुमारास सात-आठ मुले आली. त्यांची गाडी चुकली होती आणि ती एक दिवस उशिरा पोहोचली होती. त्यांच्या जागा दुसऱ्यांना दिल्या गेल्या होत्या. मुले दमलेली, एकाचे डोळे भरून आलेले. कन्येने वही उलटली, दोन ठिकाणी फोन केले, एका खोलीत दोन आणि दुसरीत तीन अशी मांडणी बदलली, उरलेल्यांसाठी गाद्या मागविल्या आणि प्रत्येकाची सही घेतली. दहा मिनिटांत मुले मार्गी लागली.

मी विचारले, “कोणाची परवानगी घेतलीस?”

ती आश्चर्याने म्हणाली, “बाबा, परवानगी कोणाची घ्यायची? हे काम माझ्याकडेच आहे ना!”

दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. आख्यान ठरलेले असते, आणि नटाला रंगमंचावर उभे राहून शब्द स्वतःच रचावे लागतात. माझी मुलगी तशी उभी होती. माझ्या चिरंजिवाला मात्र मी आठ वर्षे पडद्यामागेच बसविले होते.

“पुढच्या वर्षी हे काम कोण पाहणार?” मी विचारले. तिने शेजारी बसलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीकडे बोट दाखविले आणि एक जाड वही पुढे केली. तीत हिशेब नव्हता. काय चुकले, कधी चुकले आणि पुन्हा चुकू नये म्हणून काय करावे, एवढेच लिहिले होते. आधीच्या मुलांनी लिहिलेली पाने पुढे, हिची मागे. दरवर्षी माणसे बदलतात, वही पुढच्यांच्या हाती जाते. आमच्या किर्द-खतावणीत तीन पिढ्यांची येणी-देणी जपलेली आहेत. स्वतःच्या चुकांचे पान मात्र एकही नाही.

सुनवायला नेलेले चार शब्द मी तसेच परत आणले. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना किल्ली चिरंजिवाच्या हाती दिली आणि म्हणालो, “यंदा आगोटीची खरेदी तू करायचीस. मी कोल्हापूरला येणार नाही.” तो किती तरी वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

खोटे कशाला सांगू? त्या वर्षी ताडपत्री गरजेपेक्षा फार आली. श्रावण सरला तरी माळ्यावर थप्पी तशीच होती आणि पैसा अडकून पडला. रोज संध्याकाळी शब्द ओठांवर येत आणि मी ते गिळत असे. एका रात्री चिरंजीव स्वतःच एक कोरी वही घेऊन आला. पहिल्या पानावर त्याने लिहिले : ताडपत्री, मागणी न विचारता उचलली. मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाला, “बाबा, तुमचेही एखादे लिहा.”

मी बराच वेळ लेखणी हातात धरून बसलो. मग लिहिले : किल्ली, आठ वर्षे उशिरा दिली.